घरगुती सीएनसी राउटर: लाकूडकामासाठी मशीन निवडताना आणि बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, गोठ्याशेजारच्या खोलीत माझं मशीन चालतं. कोणाच्या दारावर कोरलेली पाटी दिसली की दुसऱ्या दिवशी मला व्हॉट्सॲपवर प्रश्न येतो, आणि बहुतेकदा तो आधी दहा जणांनी विचारलेलाच असतो. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत: जो भाग बिघडल्यावर तालुक्याला दुरुस्त होत नाही किंवा नागपूरहून दोन दिवसांत येत नाही, तो मी मशीनला लावत नाही.

१. सीएनसी राउटर म्हणजे नेमकं काय? सुताराचं काम हे मशीन करतं का?

सुतार जो ट्रिमर हातात धरून चालवतो, तोच इथे एका चौकटीवर बसतो. मोटरी त्याला डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली नेतात. या दिशांना एक्स, वाय, झेड म्हणतात. कुठे, किती खोल, किती वेगाने जायचं हे जी-कोडच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मशीन कोरतं आणि कापतं, एवढंच. लाकूड निवडणं, रंधा मारणं, सांधे बसवणं, घासणं, पॉलिश हे सगळं हातानेच करावं लागतं. पाटी कोरायला मशीनला वीस मिनिटं लागतात, पण त्या फळीमागे माझा दीड तास जातो. रंधा येत नसेल तर आधी तो शिका, मशीन पुढच्या वर्षी घ्या.

२. भाऊ, ते ऑनलाइन मिळणारं छोटं ३०१८ घेऊ का?

नावातच त्याचं माप आहे: ३०० × १८० मिमीचा पाट, म्हणजे लाकूड बसवायची जागा. शिकायला चांगलं. जी-कोड, शून्य लावणं (काम कुठून सुरू होतं ते मशीनला सांगणं), बिट, म्हणजे कापणारं पातं, मोडणं, सगळं त्याच्यावर स्वस्तात शिकून होतं. पण त्याची छोटी डीसी मोटर सागात एका फेरीत अर्धा मिलिमीटर खाते आणि बाभळीपुढे रडते. कोणाचं जुनं मिळत असेल तर घ्या, सहा महिने वापरा, तसंच पुढच्याला विका. त्यालाच मोठं करत बसू नका. मी केलं होतं, आणि शेवटी मूळ मशीनमधला फक्त कंट्रोलर, म्हणजे जी-कोड वाचून मोटरी हलवणारं बोर्ड, उरला.

३. मशीन किती मोठं बांधावं? दाराचा पूर्ण पल्ला बसला पाहिजे ना?

सगळ्यांना ८ × ४ फुटांचंच हवं असतं. गॅन्ट्री, म्हणजे ट्रिमर किंवा स्पिंडल (बिट फिरवणारी खास मोटर) वाहून नेणारा आडवा पूल, लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकतो. तोच पाइप वापरून पूल दुप्पट लांब केला की तेवढ्याच दाबाला तो आठपट वाकणार. हौसेच्या मशीनला ६०० × ९०० मिमी काम पुष्कळ झालं. पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, चौरंग, स्टुलाचे पाय सगळं त्यात बसतं.

दाराचं कोरीव काम दोन टप्प्यांत होतं. पाटाची पुढची बाजू उघडी ठेवा, पल्ला अर्धा आत सरकवा, कोरा, मग पुढे सरकवून उरलेलं कोरा. दोन्ही वेळा पल्ला एकाच कडेला टेकेल अशी लाकडी पट्टी पाटावर पक्की केली, तर सांधा दिसत नाही.

४. चौकट कशाची? ॲल्युमिनियम, लोखंड की प्लायवुड?

प्लायवुड नको. आपल्याकडे मे महिन्यात ते सुकतं आणि जुलैत फुगतं. दर दोन महिन्यांनी मशीन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणत बसावं लागेल.

ॲल्युमिनियमचे खाचांचे प्रोफाइल सुंदर दिसतात आणि पान्याने जोडता येतात, पण ते बाहेरून मागवावे लागतात. लोखंडी चौकोनी पाइप तालुक्याच्या कोणत्याही फाटकवाल्याकडे मिळतो, नाहीतर नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत. त्याच मापाला लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. प्रिंटएनसी नावाचा खुला आराखडा याच पाइपवर उभा आहे. त्याचे नकाशे फुकट मिळतात. पाइपची भिंत ३ मिमीपेक्षा पातळ घेऊ नका.

आता खरी अडचण. आपला वेल्डिंगवाला ट्रॉली आणि फाटकं उत्तम बनवतो, आणि त्याच सवयीने तो तुमची चौकटही चारी बाजूंनी भरभरून वेल्ड करतो. वेल्ड थंड होताना धातू आखडतो आणि चौकट पिळते. माझ्या पहिल्या चौकटीचे दोन कर्ण मोजले तेव्हा ४ मिमीचा फरक निघाला. ती आता गोठ्यात कुटाराच्या पोत्यांखाली आहे, तिथे मात्र झकास काम करते. म्हणून जमेल तिथे बोल्ट वापरा. वेल्ड करायचंच असेल तर आधी सगळीकडे टाके, मग कर्ण मोजा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडं थोडं, मध्ये थंड होऊ देत.

पाइपचा पृष्ठभागही काचेसारखा सपाट नसतो. रेलखाली (गॅन्ट्री जिच्यावर सरकते ती पट्टी) पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवून, ताणलेल्या दोऱ्याने आणि चांगल्या सरळ पट्टीने तपासत रेल बसवावी लागते. या एका कामाला दोन रविवार द्या.

५. बेल्ट, लीड स्क्रू की बॉल स्क्रू? आणि रेल कोणती?

मोटरचं फिरणं सरळ सरकण्यात बदलायला बेल्ट किंवा स्क्रू लागतो. पैसे कुठे ओतायचे असं विचाराल तर इथे. गोल दांड्याच्या एसबीआर रेल स्वस्त, चौकोनी एचजीआर रेल महाग पण ताठ. एचजीआर १५ घेतली तर पुन्हा रेलचा विचार करावा लागत नाही. बेल्ट ताणला जातो, सागात खोल कापताना रेषा हलते. टी८ लीड स्क्रू छोट्या मशीनला ठीक. लांब झाला की मध्ये दोरीउडीसारखा थरथरतो. ६०० × ९०० च्या मशीनला १६ मिमी जाडीचा, ५ मिमी चालीचा बॉल स्क्रू घ्या. बाजारात तो १६०५ नावाने मिळतो.

६. मोटर कोणती? ‘स्टेप्स पर मिलिमीटर’ कुठून काढायचं?

नेमा २३ मापाची स्टेपर, म्हणजे पावला-पावलाने फिरणारी, मोटर, साधारण १९ किलो-सेंमी ताकदीची, आणि प्रत्येकीला स्वतंत्र डीएम५४२ ड्रायव्हर (मोटरला वीज देऊन पावलं टाकायला लावणारा डबा), ३६ व्होल्टचा पुरवठा. नेमा १७ थ्रीडी प्रिंटरला शोभते.

हिशेब सोपा आहे. मोटरची एक फेरी २०० पावलांची. ड्रायव्हरवर मायक्रोस्टेप (एका पावलाचे तुकडे) ८ ठेवले तर १६००. बॉल स्क्रू एका फेरीत ५ मिमी सरकतो, म्हणजे १६०० भागिले ५, बरोबर ३२०. जीआरबीएलमध्ये, म्हणजे कंट्रोलरवर चालणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, डॉलर-१०० ($100) पासूनच्या सेटिंगांत हाच आकडा भरायचा. मग शंभर मिलिमीटर चालवून पट्टीने मोजा.

मायक्रोस्टेप ३२ केल्याने काम बारीक होत नाही. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरचं जीआरबीएल सेकंदाला साधारण ३० हजार पावलंच टाकू शकतं. ३२ वर तुमचा आकडा १२८० होतो आणि मशीन मिनिटाला १४०० मिमीच्या वर जातच नाही.

आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. ड्रायव्हर तिथेच जळतो. हे मी दोन ड्रायव्हर देऊन शिकलो.

७. ट्रिमर लावू की स्पिंडल?

पहिलं वर्ष ट्रिमर. कार्बन ब्रश झिजले तर तालुक्याला मिळतात, आर्मेचर जळलं तर पंपाच्या मोटरी भरणारा वाइंडिंगवाला पाहून देतो. फक्त वेग कमी-जास्त होणारा घ्या. स्वस्त ट्रिमर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर एकाच वेगाने फिरतात आणि साग जाळतात (का, ते प्रश्न १३ मध्ये).

स्पिंडलचा आवाज कमी, आयुष्य जास्त, पण त्याला व्हीएफडी (स्पिंडलला वीज देऊन वेग ठरवणारा डबा) लागतो, आणि तो बिघडला की कुरिअरची वाट पाहणं आलं. हौसेच्या चौकटीला ८०० वॉट ते दीड किलोवॉट पुरतो. २.२ किलोवॉट घेऊन उपयोग नाही, कारण तेवढी ताकद वापरण्याआधी चौकटच दबते.

८. आमच्या गावात सिंगल फेज आहे आणि संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं. चालेल का?

व्हीएफडी सिंगल फेज घेऊन आतून स्पिंडलसाठी थ्री फेज बनवतो, त्यामुळे फेजची अडचण नाही. अडचण व्होल्टेजची आहे. १७० वर व्हीएफडी ‘अंडर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, आणि स्टेपरचा पुरवठा डळमळला की मोटर पावलं चुकते; पाटीवर ‘पाटील’ चा ‘ल’ तीन मिलिमीटर खाली जातो.

एक, स्टेपरच्या पुरवठ्याला आणि कंट्रोलरला वेगळा छोटा स्टॅबिलायझर. दोन, मशीनसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर, ४ चौरस मिमीची. घरातल्या बल्बच्या वायरवर नको. तीन, सगळ्यांचे कूलर आणि टीव्ही चालू असतात त्या वेळेला काम लावू नका. मी पहाटे पाचला सुरू करतो.

अर्थिंगकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग नावालाच उरतं. मग लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचलं हे सांगणारे) उगाच दाबल्यासारखे वागतात, मशीन मध्येच थांबतं, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देतो. कोळसा-मिठाचा खड्डा करा, मार्च ते जून त्यात रोज बादलीभर पाणी ओता. लिमिट स्विचला जाळीची शील्ड असलेली वायर वापरा आणि ती शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

घरच्या इन्व्हर्टरवर कंट्रोलर आणि लॅपटॉप चालेल, स्पिंडल चालणार नाही.

९. काम चालू असताना मध्येच लाइट गेली तर?

जाणारच. म्हणून लाइट जाण्यापेक्षा ती परत येण्याची तयारी आधी करा.

सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी: लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, कंट्रोलरला यूएसबीतून वीज मिळत राहते, फक्त मोटरी मेलेल्या असतात. लॅपटॉप निवांत पुढचा कोड पाठवत राहतो. त्याच्या मते मशीन आता फळीच्या दुसऱ्या टोकाला असतं, प्रत्यक्षात ते जागचं हललेलं नसतं. दहा मिनिटांनी लाइट आली की मोटरी भलत्याच जागेवरून चालू लागतात, ट्रिमरचं बटण चालूच असल्याने तोही फिरू लागतो, आणि त्या वेळी तुमचा हात फळीवर असू शकतो.

उपाय शेतकऱ्याला माहीत आहे: पंपाचा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर धरतो, लाइट गेली की सुटतो आणि आपोआप परत धरत नाही. तसाच कॉन्टॅक्टर मशीनच्या मुख्य लाइनवर लावा. पंपाला जो ‘ऑटो’ (लाइट आली की आपोआप सुरू करणारा) लावतात तो इथे चुकूनही नको. कॉन्टॅक्टरचा जास्तीचा संपर्क, जो लाइट गेल्यावर जुळतो, तो उनोच्या ए१ पिनपासून ग्राउंडला जोडला की जीआरबीएल स्वतःच ‘फीड होल्ड’ (जागच्या जागी थांबणं) घेतं आणि लॅपटॉप थांबतो.

काम वाचवायचं असेल तर होमिंग स्विच हवेतच; त्यांना टेकून मशीन आपली मूळ जागा शोधतं (होमिंग). शून्य लावताना ते जी५४ या कोडमध्ये साठवा, जी९२ ने नको. जी५४ चं शून्य कंट्रोलरच्या कायम स्मृतीत राहतं, जी९२ चं वीज गेली की पुसलं जातं. लाइट आल्यावर झेड हाताने वर घ्या, कंट्रोलर रिसेट करा, होमिंग करा. जुनं शून्य जागेवर मिळतं. मग ज्या ओळीवर काम तुटलं तिच्या चार-पाच ओळी आधीपासून सुरू करा. स्विच नसतील तर फळीच्या कोपऱ्यात, वाया जाणाऱ्या भागात, सुरुवातीलाच २ मिमीचं भोक पाडून ठेवा आणि बिट त्याच भोकात बसवून शून्य परत शोधा.

१०. कोणतं सॉफ्टवेअर? आमच्याकडे नेट धड चालत नाही.

चित्रासाठी इंकस्केप, वस्तूचा आराखडा आणि जी-कोड दोन्हीसाठी फ्रीकॅड, मशीनला पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर. तिन्ही फुकट, आणि एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात. ब्राउझरमध्ये चालणारी सोपी साधनं आहेत, पण टॉवरची बॅटरी संपली की तुमचं कामही संपतं. जुना, चार जीबीचा लॅपटॉप पुरतो.

११. मराठी नाव कोरायला गेलो की अक्षरं फुटतात. वेलांटी भलतीकडे जाते. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बरीच सीएएम सॉफ्टवेअर (चित्रावरून जी-कोड बनवणारी) अक्षरं एकामागून एक नुसती मांडतात. देवनागरीत मात्र पहिली वेलांटी बोलताना नंतर आणि लिहिताना आधी येते, जोडाक्षरं आकार बदलतात, रफार डोक्यावर जातो. हे त्यांना कळत नाही, म्हणून ‘विठ्ठल’ चं ‘वि’ उलटं होतं आणि ‘ठ्ठ’ पाय मोडून दोन तुकड्यांत येतं.

म्हणून सीएएममध्ये मराठी टाइपच करू नका. इंकस्केपमध्ये मुक्ता किंवा बलू यांसारख्या युनिकोड फाँटमध्ये नाव लिहा, ते ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ने आकृतीत बदला, गट सोडवा, मग सगळं निवडून ‘युनियन’ करा, म्हणजे सगळे आकार एक होतात. युनियन विसरलात तर नाव पडद्यावर बरोबर दिसेल, पण दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे बिट अक्षराच्या आतून आडवं जाईल. डीटीपीवाल्याकडून कृतिदेवमधली फाइल आली असेल तर त्यालाच सांगा की आकृती करून दे. तुमच्या लॅपटॉपवर तो फाँट नसेल तर इंग्रजी कचरा दिसतो.

नाव आरपार कापून भिंतीवर लावायचं असेल तर मराठीची मजा आहे. इंग्रजी अक्षरं सुटी पडतात, आपलं नाव शिरोरेषेमुळे एकसंध निघतं. अनुस्वार आणि विसर्ग तेवढे वेगळे पडतात. ते भुशात हरवतात, म्हणून मी दोन जास्तीचे टिंब कापून ठेवतो.

१२. लाकूड कोणतं घ्यावं? माझ्या धुऱ्यावर (बांधावर) साग आहे, तो चालेल का?

चालेल, पण स्वतःच्या धुऱ्यावरचा असला तरी साग तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना लागतो. आधी वनविभागाच्या कार्यालयात जा, कुऱ्हाड नंतर. आणि ओला साग लगेच कोरू नका.

आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाचं नाव मोठं आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान बल्लारपूरहूनच गेलं. साग स्वच्छ कापला जातो, पण त्यात सिलिका असते, ती बिटाची धार खाते. साधं एचएसएस (पोलादी) बिट दिवसभरात बोथट होतं, त्याहून कठीण कार्बाइडचंच घ्या. साग तेलकट असल्याने चिकटवण्याआधी थिनरने पुसा. शिकायला शिवण छान: मऊ, हलकी, फारशी न पिळणारी. आंबा स्वस्त, पण तंतू उठतात. बाभूळ घट्ट, उथळ फेऱ्या द्या.

पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर नशीब, पण त्यात खिळे असतात. लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवा.

१३. साग जळतो, काळा पडतो. वेग किती ठेवू?

लोक घाबरून मशीन हळू चालवतात आणि त्यानेच लाकूड जळतं. बिट एकाच जागी घासत राहिलं की तापतं. सूत्र असं: फेरे × धारा × एका धारेचा चावा. मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारांचं बिट, ०.०५ मिमीचा चावा, म्हणजे मिनिटाला १८०० मिमी. तेच बिट ३०,००० वर फिरवलं तर ३००० मिमीने पळवावं लागेल, ते घरगुती चौकटीला झेपत नाही. म्हणून फेरे कमी करा. सागात एका वेळी कापायची खोली बिटाच्या जाडीच्या निम्मी, बाभळीत पाव. बिटाखालून छिलके पडले पाहिजेत; पिठासारखी भुकटी पडली तर वेग वाढवा किंवा बिट बदला.

१४. तान्ह्या पोळ्याचा नंदी (मुलांचा लाकडी बैल) या मशीनवर होईल का?

होईल, पण एका दमात नाही. तीन अक्षांचं मशीन वरून खाली पाहतं. बैलाच्या पोटाखाली त्याला जाता येत नाही. डावा आणि उजवा असे दोन अर्धे कोरून मध्ये चिकटवा. शिंगं वेगळी करून खुंटीने बसवा, नाहीतर तंतू आडवे गेल्याने ती हमखास मोडतात. पाय आणि चाकं लेथवर.

वेळेचा अंदाज आधी घ्या. २०० × १५० मिमीच्या एका बाजूला गोल टोकाच्या बिटाने ०.३ मिमी अंतराने शेवटचा हात फिरवायचा तर ५०० रेघा, प्रत्येकी २०० मिमी, म्हणजे १०० मीटर. मिनिटाला १५०० मिमीने तास सव्वा तास, तोही जाड काढण झाल्यावर. पोळ्याच्या आठवडाभर आधी वीस नंदींची ऑर्डर घेऊ नका.

१५. भुसा आणि आवाजाचं काय?

लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच पक्कं नोंदवलं आहे. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने बारीक धूळ थांबत नाही. एन९५ मास्क लावा. व्हॅक्युम क्लीनरच्या आधी झाकणाची बादली आणि सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा वेगळा पाडणारं नरसाळं) बसवला तर भुसा बादलीतच पडतो. डोळ्याला चष्मा, कानाला बोंडं. हातमोजे आणि लोंबता दुपट्टा फिरत्या बिटाजवळ नको.

१६. उन्हाळ्यात ४५ अंशांत मशीन चालतं का?

मशीन चालतं, व्हीएफडी कुरकुरतो. बहुतेक व्हीएफडी ४० अंशांच्या हवेसाठी बनवलेले असतात. टिनाखाली दुपारी काम बंद. पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलसाठी मी प्लास्टिकच्या बादलीऐवजी रांजण ठेवून पाहिला. पाणी खरंच थंड राहतं, पण बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसला. आता बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी बादलीत भरून ती बादली ओल्या पोत्यात गुंडाळतो. पावसाळ्यात पाटावरचं एमडीएफ फुगतं. ऑगस्टमध्ये एकदा वरचा थर सपाट करून घ्या, रेलला तेलाचा हात द्या.

१७. खर्च किती? सरकारी मदत मिळते का?

माझ्या ६०० × ९०० च्या मशीनला २०२३ मध्ये एक लाख दहा हजारांच्या आसपास लागले. त्यात रेल आणि स्क्रू सगळ्यात जड. चौकट, मजुरीसकट, त्यांच्या निम्म्यातही झाली.

हाताने काम करणाऱ्या सुताराला पीएम विश्वकर्मा योजनेत नोंद करता येते. अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज आहे. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते.

१८. शेतात पंपाची थ्री फेज आहे, सौरपंपही आहे. मशीन तिकडेच लावलं तर?

शेतीपंपाच्या जोडणीवर कारखाना चालवला तर तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. घरची किंवा व्यावसायिक जोडणी कोणती लागेल ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

सौरपंपाचं वेगळं. त्याचा कंट्रोलर उन्हाप्रमाणे पंपाची फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करतो. ढग आला की पंप हळू होतो आणि पाणी कमी पडतं, एवढंच. मशीनला मात्र स्थिर २३० व्होल्ट लागतात, म्हणून पंपाच्या वायरीवर ते थेट जोडता येत नाही. सौर ऊर्जेवरच चालवायचं असेल तर पॅनेल, बॅटरी आणि शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल, आणि ८०० वॉटच्या स्पिंडलसाठी तो निदान दोन किलोवॉटचा धरा.